अंगणावरची सावली

दिल्लीच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या गाझियाबाद शहरात सकाळच्या वेळी मान वर करून पाहिले, तर आकाशात संथपणे घिरट्या घालणाऱ्या घारी दिसल्यावाचून राहत नाहीत. कौशांबी, वैशाली, इंदिरापुरम या भागांतील उंच इमारतींच्या गच्च्यांवर, विजेच्या मनोऱ्यांवर आणि हिंडन नदीच्या काठच्या झाडांवर त्या बसलेल्या असतात. या शहरात आलेल्या नवख्या माणसाला ते दृश्य मोठे भव्य वाटते. परंतु ज्या घरासमोर चार कोंबड्या आणि दहा-बारा पिल्ले आहेत, त्या घरातल्या बाईला त्यात भव्यता दिसत नाही. जमिनीवरून एक काळी सावली सरकते, कोंबडी विशिष्ट आवाज काढून पिल्लांना पंखाखाली बोलावते, घरातील पोर ओरडत बाहेर धावते, आणि तोवर दहांपैकी एक पिल्लू कमी झालेले असते.

हा अनुभव केवळ गाझियाबादचा नाही. कोकणातील वाडीत, मराठवाड्यातील शेतवस्तीवर किंवा सातपुड्याच्या पाड्यावर ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत, त्या सर्वांना तो परिचयाचा आहे. म्हणूनच घार म्हटली की आपल्या मनात झडप, चोरी आणि हिसकावणे हे शब्द आधी येतात. दुसरीकडे, हीच घार मराठी संतवाणीत आईच्या मायेची उपमा होऊन आली आहे. आकाशात कितीही उंच फिरली तरी तिचे लक्ष पिल्लांकडे असते, हे संतांनी ओळखले होते. एकाच पक्ष्याविषयी समाजाच्या मनात भीती आणि आदर अशा दोन्ही भावना नांदत आल्या आहेत. आज मात्र भीतीचे पारडे जड होऊ लागले आहे. घारींची घरटी काढून टाकावीत, झाडे तोडावीत, त्यांना विष घालावे, असे उपाय सहज बोलले जातात. हे उपाय योग्य आहेत काय, आणि त्यांनी खरोखरच पिल्ले वाचतील काय, याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की नुकसान खरे आहे. ज्याच्याकडे हजारो कोंबड्यांचे बंदिस्त पोल्ट्री फार्म आहे, त्याला घारीचा त्रास फारसा होत नाही. त्रास होतो तो परसात कोंबड्या पाळणाऱ्या गरीब कुटुंबाला. त्याच्या दृष्टीने एक पिल्लू म्हणजे उद्याची तलंग, परवाची अंडी, आणि अडीअडचणीच्या वेळी बाजारात विकून येणारे चार पैसे. घरातील बाईच्या हाती जी थोडीफार स्वतःची मिळकत असते, ती बहुधा या कोंबड्यांतून येते. वाघाने किंवा बिबट्याने जनावर मारल्यास शासनाकडून भरपाई मिळण्याची सोय आहे. घारीने नेलेल्या पिल्लाची मात्र कोठे नोंदही होत नाही. तेव्हा शहरातील पक्षिप्रेमी माणसाने “एका पिल्लाचे ते काय!” असे म्हणणे हे अन्यायाचे ठरेल. निसर्गरक्षणाचा उपदेश ज्यांचे काहीच जात नाही त्यांनी, ज्यांचे जाते त्यांना करावा, हे शोभणारे नाही.

परंतु नुकसान खरे आहे म्हणून त्याविषयीची प्रत्येक समजूत खरी ठरत नाही. घारीचे वजन साधारणपणे पाऊण किलोच्या आसपास असते. पक्षी स्वतःच्या वजनाइतके ओझेसुद्धा पायांत धरून दूरवर उडू शकत नाही. त्यामुळे घार कोंबडीचे पिल्लू, उंदीर, पाल किंवा मासा नेऊ शकते. पूर्ण वाढलेली कोंबडी, मोठे मांजर किंवा शेळीचे करडू ती उचलून नेऊ शकत नाही. नुकतेच जन्मलेले मांजराचे पिल्लू, सशाचे पिल्लू किंवा गच्चीवर टांगलेल्या पिंजऱ्यातील छोटे पक्षी यांना मात्र शिकारी पक्ष्यांपासून धोका असतो. शिक्रा तर पिंजऱ्याच्या गजांमधून पंजा घालून आतील पक्ष्याला जखमी करतो. याउलट लहान मुलांना पक्षी उचलून नेतात, ही भीती निराधार आहे. २०१२ साली कॅनडातील माँट्रियल शहरात एका गरुडाने बागेतील मुलाला उचलल्याची चित्रफीत जगभर पसरली होती. ती तेथील विद्यार्थ्यांनी संगणकावर तयार केलेली बनावट चित्रफीत होती, हे लगेचच उघड झाले. तरीही पाहणाऱ्या असंख्य लोकांच्या मनातील भीती तशीच राहिली असेल. भीती लवकर पसरते, खुलासा मागे राहतो.

दुसरी चूक म्हणजे वाकड्या चोचीच्या सर्व पक्ष्यांना एकाच मापाने मोजणे. मराठी भाषेने या पक्ष्यांना किती वेगवेगळी नावे दिली आहेत! घार, शिक्रा, ससाणा, कापशी, तीसा, मोरघार, सापमार गरुड, गव्हाणी घुबड, पिंगळा. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ या ग्रंथात पक्ष्यांच्या अशा नावांची साक्षेपाने नोंद केली आहे. जेथे नावे वेगळी असतात, तेथे लोकांनी त्यांच्या सवयीही वेगळ्या पाहिलेल्या असतात. शेतावर एका जागी पंख हलवत तरंगणारी पांढुरकी कापशी प्रामुख्याने उंदरांवर जगते. सापमार गरुडाचे अन्न त्याच्या नावातच आहे. तीसा टोळ, नाकतोडे, सरडे खातो. गव्हाणी घुबडाची एक जोडी आपल्या पिल्लांसह वर्षभरात शेकडो उंदीर फस्त करते. कोंबडीच्या पिल्लावर झडप घालतात ते मुख्यतः घार आणि शिक्रा. परंतु दगड मारणारा हात हा भेद करत नाही. घारीच्या रागापोटी मारली जाते ती कापशी, आणि अपशकुनाच्या समजुतीपोटी मारले जाते ते घुबड. शेतकऱ्याचे फुकटचे राखणदार अशा रीतीने शेतकऱ्याच्याच हातून नाहीसे होतात. ही समजूत दूर करण्यासाठी डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशनने २०१८ मध्ये पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे घुबडांविषयीचा महोत्सव भरवला, आणि मुलांनीच घुबडाची चित्रे काढून, गाणी म्हणून त्या पक्ष्याचे स्वागत केले, ही आशेची गोष्ट आहे.

कोंबड्यांच्या नुकसानीचा हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. घार दिवसाढवळ्या, सर्वांच्या डोळ्यांदेखत पिल्लू नेते, म्हणून ती लक्षात राहते. रात्री खुराड्यात शिरणारे मुंगूस किंवा रानमांजर दिसत नाही. मोकाट कुत्रे एका झटक्यात मोठी कोंबडी मारते. आणि सर्वांत मोठा शत्रू तर डोळ्यांना दिसतच नाही, तो म्हणजे रोग. मानमोडी रोगाची साथ आली की दोन-चार दिवसांत संपूर्ण वस्तीतील कोंबड्या माना टाकतात. २००६ च्या आरंभी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची लागण आढळली, तेव्हा रोग पसरू नये म्हणून लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि अनेक कुटुंबांचा धंदा बसला. घारींनी अनेक वर्षे पिल्ले नेली असती, तरी एवढे नुकसान झाले नसते. तरीही लसीकरणाकडे दुर्लक्ष करणारा माणूस घारीच्या घरट्याकडे मात्र संतापाने पाहतो.

आता प्रश्न असा की गाझियाबाद आणि दिल्लीच्या परिसरात घारी इतक्या मोठ्या संख्येने का आहेत? ही गोष्ट आजची नाही. सोव्हिएत रशियातील पक्षितज्ज्ञ गालुशिन यांनी १९६७ मध्ये दिल्लीतील शिकारी पक्ष्यांची गणना केली होती. सुमारे १५० चौरस किलोमीटर क्षेत्रात त्यांना शिकारी पक्ष्यांच्या २९०० च्या आसपास जोड्या आढळल्या. त्यांत बहुसंख्य घारी होत्या आणि गिधाडेही शेकड्यांनी होती. त्यानंतर सुमारे साडेचार दशकांनी झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दिल्लीत दर चौरस किलोमीटरला घारींची सरासरी १५ घरटी असल्याचे दिसून आले. हिवाळ्यात यांत मध्य आशियाकडून आलेल्या पाहुण्या घारींची भर पडते. या घारी हजारो किलोमीटर अंतर कापून, हिमालयाच्या उंच रांगा ओलांडून येथे उतरतात.

एवढ्या दूरवरून त्या कशासाठी येतात, याचे उत्तर गाझियाबादच्या सीमेवरच उभे आहे. दिल्लीच्या हद्दीत, पण कौशांबीच्या अगदी जवळ गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर आहे. १९८४ पासून येथे कचरा टाकला जाऊ लागला. २००२ मध्येच त्याची क्षमता संपली होती. तरीही कचरा पडतच राहिला आणि काही वर्षांनी त्याची उंची सुमारे ६५ मीटर झाली. १ सप्टेंबर २०१७ रोजी या डोंगराचा एक भाग कोसळून दोन माणसे मृत्युमुखी पडली. शेजारीच कोंबड्यांचा आणि मासळीचा घाऊक बाजार तसेच कत्तलखाना आहे. मांसाचे टाकाऊ तुकडे, आतडी, मेलेली जनावरे, उष्टे अन्न असे सर्व काही घारींना येथे विनासायास मिळते. दिल्लीच्या जुन्या भागात श्रद्धेपोटी घारींना मांसाचे तुकडे घालण्याची प्रथाही आहे. तात्पर्य, घारी आपल्या वस्तीवर चालून आलेल्या नाहीत. ताट वाढून आपणच त्यांना बोलावले आहे आणि त्या ताटाशेजारी आपली पिल्ले मोकळी सोडली आहेत.

या उघड्या कचऱ्याचे परिणाम केवळ कोंबड्यांपुरते मर्यादित नाहीत. गाझियाबादजवळच भारतीय वायुसेनेचा हिंडन तळ आहे. २०१९ पासून तेथून प्रवासी विमानांचीही ये-जा सुरू झाली. उडणाऱ्या विमानाला घारीएवढा पक्षी धडकला, तर विमानाचे इंजिन निकामी होऊ शकते. वायुसेना दिनाचे संचलन येथे होत असताना, उघड्यावर अन्न आणि मांस टाकू नका, मेलेली जनावरे दिसल्यास कळवा, असे आवाहन वायुसेनेला परिसरातील नागरिकांना करावे लागत असे. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात उघड्यावर कत्तल करण्यास आणि कचरा टाकण्यास विमानविषयक नियमांनी बंदी घातली आहे. म्हणजे परसातील कोंबडी आणि आकाशातील विमान या दोघांचेही संरक्षण एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे जमिनीवरची स्वच्छता.

घारींविषयी आणखी एक तक्रार वारंवार ऐकू येते. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या किंवा अंगणात खेळणाऱ्या माणसावर घार अचानक झेपावते आणि डोक्यावर ओरखडा काढते. हे बहुधा जानेवारी ते मे या काळात, घरट्यात अंडी किंवा पिल्ले असताना घडते. दिल्लीतील घारींच्या वर्तनाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले की जेथे माणसांची दाटी, रस्त्यावरचा कचरा आणि मांस घालण्याची प्रथा अधिक, तेथील घारी माणसाला कमी भितात आणि घरट्याचे रक्षण अधिक आक्रमकपणे करतात. म्हणजे हा धीटपणाही काही अंशी आपल्याच सवयींनी घडवला आहे. अशा वेळी काही आठवडे गच्चीचा तो कोपरा टाळणे किंवा जाताना डोक्यावर छत्री धरणे हा साधा उपाय आहे. पिल्ले उडाली की हल्ले थांबतात. घरटे पाडणे हा मात्र उपाय नाही, गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही शिकारीत मोडते.

कायदा बाजूला ठेवला, तरी मारून टाकण्याचा मार्ग किती महागात पडतो, हे इतिहासाने दाखवले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात शेतकऱ्यांच्या कोंबड्या वाचवण्यासाठी १८८५ मध्ये एक कायदा झाला. ससाणे, घुबडे इत्यादी प्राणी मारून आणणाऱ्याला दर नगामागे ५० सेंट बक्षीस मिळू लागले. दीड वर्षात सरकारने सुमारे ९० हजार डॉलर वाटले. तेथील पक्षितज्ज्ञ मेरियम यांनी मग हिशेब मांडला. मारलेल्या पक्ष्यांनी त्या काळात जेमतेम १८७५ डॉलरच्या कोंबड्या नेल्या असत्या. परंतु ते पक्षी नसल्यामुळे वाढलेल्या उंदरांनी आणि किडींनी शेतीचे केलेले नुकसान त्यांच्या अंदाजाने ३८ लाख डॉलरहून अधिक होते. तो कायदा लवकरच मागे घ्यावा लागला. कोंबडी वाचवताना धान्याचे कोठार उघडे पडले, असा हा प्रकार होता.

आपल्या देशाचा अनुभव तर याहून दारुण आहे. गिधाडांना कोणी शत्रू मानून मारले नाही. ती आपल्या निष्काळजीपणाने मेली. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. परंतु तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली होती. गावाबाहेर टाकलेली मृत जनावरे कुजू लागली, मोकाट कुत्री वाढली आणि रोगराईला वाट मिळाली. या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मांडला आहे. ज्या पक्ष्याला आपण अमंगळ मानत होतो, तो आपले आरोग्य सांभाळत होता, हे तो गेल्यावर कळले. गिधाडे गेल्यानंतर शहरातील घाण उचलण्याचे काम ज्यांच्यावर येऊन पडले आहे, त्यांत घार आहे. तिलाही विष घालण्याचा विचार करण्यापूर्वी हा धडा आठवावा.

शिवाय घार मारल्याने तिची जागा रिकामी राहत नाही. जोवर कचऱ्याचा ढीग आहे, तोवर एका घारीच्या जागी दुसरी येते. विष घातलेले मांस घारीच्या आधी शेजाऱ्याचे कुत्रे किंवा मांजर खाण्याचा संभव असतो. अशा उपायाने राग शमतो, पिल्लू मात्र वाचत नाही.

पिल्लू वाचवण्याचे उपाय आपल्या आजीला ठाऊक होते. पिल्ले लहान असेपर्यंत ती त्यांना बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवी आणि दाणे ओसरीवर टाकी. आजही तेच तत्त्व उपयोगी पडते. पहिले सहा ते आठ आठवडे पिल्लांना उघड्यावर सोडू नये. अंगणाच्या एका कोपऱ्यावर मासेमारीची जुनी जाळी किंवा जुनी साडी ताणून बांधावी. दोडका, कारले, दुधी यांचा मांडव घातला, तर भाजीही मिळते आणि त्याखाली पिल्लांना आसराही मिळतो. कोंबडीचे खुराडे रात्री घट्ट बंद करावे, म्हणजे मुंगसापासून आणि घुबडापासूनही संरक्षण होते. कोंबडी कापल्यावर उरलेले भाग किंवा मेलेले पिल्लू उकिरड्यावर न फेकता खड्ड्यात पुरावे. पिंजऱ्यातील पक्षी गच्चीवर ठेवायचेच असतील, तर पिंजऱ्याला बारीक जाळी लावून तीन बाजू झाकाव्यात. मांजराची, सशाची लहान पिल्ले देखरेखीशिवाय गच्चीवर सोडू नयेत.

अर्थात सगळा भार कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबावर टाकून चालणार नाही. कचऱ्याचे डोंगर त्या कुटुंबाने उभे केलेले नाहीत. मोठ्या सोसायट्या, उपाहारगृहे, मांसविक्रेते, बाजार समित्या आणि नगरपालिका यांनी ओला कचरा आणि मांसाचे अवशेष यांची वेळीच विल्हेवाट लावली, तर घारींची संख्या कोणाच्याही हिंसेवाचून आपोआप मर्यादित होईल. त्याचप्रमाणे पशुसंवर्धन विभागाच्या कर्मचाऱ्यांनी लसीकरणाबरोबर पिल्ले झाकण्याच्या जाळीचीही माहिती दिली, तर गरीब कुटुंबाला मोठा आधार मिळेल. पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या संस्थांनी अशी जाळी वाटली, तर त्यांचे प्रेम अंगणापर्यंत पोहोचेल.

याच परिसरात माणुसकीचे एक उदाहरणही घडले आहे. पतंगाच्या मांजाने पंख कापले गेलेल्या शेकडो घारी दरवर्षी दिल्लीत जमिनीवर कोसळतात. वजिराबाद भागातील नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या बंधूंनी आपल्या घराच्या तळघरात अशा घारींवर उपचार सुरू केले. त्यांच्या कार्यावरील ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटाला २०२२ मध्ये कान येथील चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला. ज्या आकाशातून संकट येते असे एकाला वाटते, त्याच आकाशातून पडलेला जखमी जीव दुसरा उचलून घेतो.

या दोघांपैकी कोणाचीही बाजू खोटी नाही. पिल्लू गेल्याचे दुःख करणाऱ्या बाईचा राग खरा आहे आणि घारीचा जखमी पंख शिवणाऱ्या हातांची करुणाही खरी आहे. शहाण्या समाजाने या दोघांना एकमेकांसमोर उभे करू नये. बाईच्या अंगणावर जाळी असावी, शहराच्या सीमेवर कचऱ्याचा डोंगर नसावा, आणि आकाशात घारीसाठी जागा असावी. एवढे साधले, तर जमिनीवरून सरकणाऱ्या त्या सावलीकडे पाहून कोंबडी पिल्लांना नेहमीप्रमाणे हाक देईल, पिल्ले जाळीखाली धावतील, आणि संध्याकाळी मोजली तेव्हा ती पूर्ण दहा भरतील.